ठाकुर्लीच्या खाणावळीचा ताळेबंद

विमलाबाईंच्या मुलाने, भालचंद्राने, आवडाबाईला एक हजार आठ रुपये माफ केले, तेव्हा मी साक्षीदार म्हणून तिथेच पाटावर बसलो होतो. माफ हा शब्द त्याचाच. १९५६ चा दसरा होऊन चार दिवस झाले होते. दुपारची पंगत उठली होती, पुसलेली जमीन अजून ओली होती, आणि भालचंद्र मांडीवर फुलस्केप कागद ठेवून खाणावळीचा शेवटचा हिशोब वाचत होता.

मी गुणाजी, मूळचा कणकवलीकडचा. ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमध्ये टाइमकीपर होतो आणि १९४९ पासून दोन्ही वेळा याच खाणावळीत जेवत होतो. खाणावळ दोघींची. विमलाबाई रेल्वेतल्या कारकुनाच्या विधवा. सातवी पास, मराठी अक्षर मोत्यासारखं, आणि नवऱ्याने मागे ठेवलेली दोन खोल्यांची कौलारू जागा. आवडाबाई जुन्नरकडची. तिचा नवरा कोळशाच्या वखारीत हमाल होता, तो टायफॉइडने गेला आणि ही तीन वर्षांची नंदा कडेवर घेऊन ठाकुर्लीतच राहिली. अक्षरओळख नाही. पण चाळीस माणसांची भाकरी दोन चुलींवर एकटी थापायची, आणि तिच्या सुक्या बोंबलासाठी कल्याणहून माणसं चालत यायची.

१९४८ च्या दसऱ्याला दोघींनी धंदा सुरू केला. कागद केला नाही. विमलाबाई म्हणाल्या होत्या, "निम्मं तुझं, निम्मं माझं," आणि आवडाबाईने मान हलवली होती. महिन्याला दोघी तीस-तीस रुपये घरखर्चाला घ्यायच्या. उरेल ते पोस्टात. पोस्टाचं पुस्तक विमलाबाईंच्या नावावर होतं, कारण सही त्यांना येत होती. वह्याही त्याच लिहायच्या.

भालचंद्र या खाणावळीच्या भातावर मोठा झाला. कॉलेजात गेला, बी.ए. झाला, फोर्टात विमा कंपनीत लागला. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी विचारलं, आई काय करतात. त्याला ते बोचलं. त्याने ठरवलं की खाणावळ बंद, आईला दादरला न्यायचं आणि खोल्या पीठगिरणीला भाड्याने द्यायच्या. आवडाबाईला हे सांगितलं ते सगळं ठरल्यावर. ती म्हणाली, "बरं. मंग माझं निम्मं द्या."

त्या निम्म्याचा हिशोब तो वाचत होता.

"भांडी दोनशे चाळीस. धान्य आणि सरपण पंच्याऐंशी. मेंबरांकडून येणं एकशे नव्वद. पोस्टात आणि हातात मिळून अकराशे पंचेचाळीस. एकूण सोळाशे साठ. वाण्याचं देणं एकशे साठ वजा. राहिले पंधराशे."

आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती. इथपर्यंतचं तिला पटलं असावं, कारण तिचा चेहरा शांत होता.

"यातून आईचं भांडवल तीनशे. त्यावर सहा टक्क्यांनी आठ वर्षांचं व्याज एकशे चव्वेचाळीस. जागेचं भाडं दरमहा आठ रुपये, शहाण्णव महिन्यांचं सातशे अडुसष्ट. हे आईचे बाराशे बारा. उरले दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्याचे निम्मे, एकशे चव्वेचाळीस, आवडाबाईंचे."

लहानपणापासून तो तिला मावशी म्हणायचा. कागदावर ती आवडाबाई झाली होती, आणि कागद बघूनच तो बोलत होता.

"आता आवडाबाईंची उचल. त्या आणि त्यांची मुलगी आठ वर्षं दोन्ही वेळा खाणावळीतच जेवल्या. मेंबराला महिन्याला पंचवीस पडतात. आम्ही दोघींचे मिळून बाराच धरलेत. अकराशे बावन्न झाले. त्यातून एकशे चव्वेचाळीस वजा केले तर उलट त्यांच्याकडूनच एक हजार आठ रुपये येणं निघतं." त्याने चष्मा वर केला. "पण आई म्हणते, इतकी वर्षं एकत्र काढली, ते माफ करू. इथे अंगठा उठवा, म्हणजे कुणाचं कुणाला देणं नाही. गुणाजीराव, तुम्ही साक्षीला सही करा."

मी टाक हातात घेतला. हे लपवण्यात अर्थ नाही. मेंबरांकडून जे येणं होतं त्यात माझेच चौतीस रुपये होते, आणि आदल्या दिवशी भालचंद्र मला स्टेशनच्या पुलावर गाठून म्हणाला होता, "तुमच्या बाकीचं काय, बघू की आपण." तेव्हा मी हसलो होतो.

आवडाबाई उठली. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. भालचंद्राकडे तिने बघितलंही नाही. ती विमलाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. विमलाबाई खिडकीजवळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"बाई, म्या रांधलेलं म्या खाल्लं, त्याची उचल?"

विमलाबाई खाली बघत राहिल्या.

"माझी पोर तुमच्या मांडीवर जेवली. तवा वही काढली व्हती का तुम्ही?"

"आवडाबाई, हा व्यवहार आहे," भालचंद्र म्हणाला. "भावना मधे आणू नका."

"तू गप. तुझ्या आयेला इचारतेय." आणि मग, आठ वर्षांत पहिल्यांदा, ती विमलाबाईंना अगं-तुगं बोलली. "बोल ना गं. तुझं तोंड कुटं गेलं?"

विमलाबाई बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या बोलल्या नाहीत. आवडाबाई परत फिरली आणि माझ्या हातातला टाक तिने काढून घेतला.

"गुणाजीभाऊ, पुन्हा हिशोब करायचा. पयल्या वहीपासनं. मोठ्यानं वाचून. तवर अंगठा न्हाई."

"वह्या शेवटच्या तीनच आहेत," भालचंद्र म्हणाला. "जुन्या वह्या कोण ठेवतं?"

"पयली वही कुटंय, बाई?" तिने विचारलं.

विमलाबाई उठल्या, आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. नऊ वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला, तो आणून त्यांनी जमिनीवर ठेवला. मुलगा "आई" म्हणाला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या. मला त्या क्षणी वाटलं की आता गुंता सुटेल. आवडाबाईला तसं वाटलं नाही. भांडी घासताना ती मला म्हणाली, "वही दिली. तोंड न्हाई दिलं. तिला म्हाईत हाय त्यात काय लिवलंय. सोत्ताच्या हातानं लिवलंय. आन पोरगं खोटं वाचत व्हतं तवा बसली पदर गुंडाळत."

मी ते चौतीस रुपये दुसऱ्याच दिवशी पगारातून भरले आणि दोघींच्या देखत वहीत जमा करून घेतले. त्याशिवाय त्या वह्यांना हात लावायची माझी लायकी नव्हती.

पुढचे दहा-बारा दिवस माझी पहिली पाळी होती. तीन वाजता सुटायचो, तोंडहात धुऊन खाणावळीत बसायचो आणि वाचायचो. खाणावळ बंद झालेली नव्हती. आवडाबाई रोज रांधत होती, चाळीस माणसं रोज जेवत होती. पण पूर्वी ती वाढताना कुणाची आई आजारी, कुणाचं प्रमोशन अडलंय याची चौकशी करायची, ती बंद झाली. भाकरी ताटात आपटायची. पातेली अशी ठेवायची की बाहेरच्या ओट्यावर बसलेला माणूस दचकावा. विमलाबाई जेवायला आल्या की त्यांच्यापुढे ताट ठेवून विचारायची, "हे कुणाच्या खाती?" विमलाबाई दोन दिवस तशाच उठल्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी आतल्या खोलीत स्टोव्हवर वेगळा भात लावायला सुरुवात केली. हे बघवत नव्हतं. पण आवडाबाई म्हणत होती ते खोटंही नव्हतं.

पहिल्याच वहीच्या दुसऱ्या पानावर ते सापडलं. विमलाबाईंचंच अक्षर: "आवडाने पुतळ्या मोडून दिले रु. ११०. तपेली दोन, परात एक, कल्हईसह." मी वाचलं आणि थांबलो.

"वाच पुन्हा," आवडाबाई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझ्या आयेच्या पुतळ्या त्या. ती तपेली आज त्या कागदात दोनशे चाळिसात धरलीत ना? आन माझं भांडवल शून्य."

जागेच्या भाड्याची नोंद आठ वर्षांत कुठेच नव्हती. उलट १९५१ साली नवी कौलं घातली ती खाणावळीच्या पैशांतून, घरपट्टी दरवर्षी खाणावळीच्या पैशांतून. चौथ्या वहीपासून मात्र दर सहा महिन्यांनी एक नोंद यायला लागली: "भालूची फी." "भालूची पुस्तकं." "भालूचा पास." "भालूचा चष्मा." विमलाबाईंनी काही लपवलं नव्हतं. सगळं लिहिलं होतं, पै न् पै. मी बेरीज केली. पाचशे वीस रुपये.

आवडाबाई म्हणाली, "मला इचारलं व्हतं तिनं. पयल्या फीला. म्हणली, आवडा, घेऊ का. म्या म्हणलं, घ्या की, आपलंच पोरगं हाय." आणि मग ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तिला इतक्या शिव्या येत असतील असं मला सात वर्षांत वाटलं नव्हतं.

सहाव्या वहीत मात्र वेगळंच निघालं. १९५३ सालची नोंद: "आवडा, भावाला बैलासाठी, रु. ६५." ते पैसे परत आल्याची नोंद नव्हती. मी ते माझ्या कागदावर तिच्या उचलीत मांडलं आणि तिला सांगितलं.

"ते म्या फेडलं."

"वहीत नाही, बाई."

"वही तिची हाय."

"मग पुतळ्यांचीही तिचीच आहे."

तिने माझ्यासमोरचा चहाचा कप उचलून नेला, अर्धा चहा तसाच होता. तीन दिवस मला आमटी पातळ मिळाली आणि बोंबील शेपटीचा. "कुणाचं अन्न खातोस आन कुणाचं लिवतोस," असं ती भिंतीला म्हणायची. मलाही राग आला. पाळी करून येऊन दोन-दोन तास वह्या वाचतोय, वर हे. मी म्हटलं, "भालचंद्राने केलं तेच मी करू का? तुमच्या बाजूने खोटं लिहू? मग त्याच्यात आणि आपल्यात फरक तो काय?" चौथ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर ताट ठेवताना म्हणाली, "घाल ते पासष्ट. भावानं दिलंच न्हाईत. म्या लाजंनं बोलले न्हाई." आणि मग लगेच, "पन त्या पोराच्या चष्म्याचं आठ रुपय पन घाल."

"घातलेत," मी म्हटलं.

माझा हिशोब सरळ झाला. शिल्लक पंधराशे. त्यात दोघींनी काढलेले मिळवायचे, विमलाबाईंचे पाचशे वीस आणि आवडाबाईचे पासष्ट. दोन हजार पंच्याऐंशी. आधी ज्याचं त्याचं भांडवल परत, तीनशे आणि एकशे दहा. राहिले सोळाशे पंचाहत्तर. त्याचे निम्मे आठशे साडेसदतीस प्रत्येकी. मग ज्याची त्याची उचल वजा. विमलाबाईंना सहाशे सतरा रुपये आठ आणे, आवडाबाईला आठशे ब्याऐंशी रुपये आठ आणे. जेवणाचं काहीच नाही, कारण इकडून दोन माणसं जेवली आणि तिकडूनही दोन.

रविवारी भालचंद्र आला, त्याने कागद वाचला आणि हसला. "गुणाजीराव, तुम्ही हजेऱ्या मांडा. हिशोब तुमचं काम नाही. माझ्या शिक्षणाचा खर्च आईने केला, तो आईच्या कष्टाचा होता."

"निम्मा," आवडाबाई म्हणाली.

"बाई, तुम्ही स्वयंपाकीण होतात. पगार म्हणून तीस रुपये घेत होतात. भागीदार असल्याचा एक तरी कागद आहे का तुमच्याकडे?"

ती चुलीजवळ उभी होती, हातात उलथनं होतं. मी उठून तिच्या आणि त्याच्या मधे उभा राहिलो, कारण पुढे काय होईल ते मला दिसत होतं. पण तिने उलथनं खाली ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "कोर्टात भेटू मंग."

कल्याणच्या कोर्टाबाहेर टपऱ्यांमागे एका वकिलांचं ऑफिस होतं. आम्ही दोघं गेलो. वकिलांनी वह्या चाळल्या. पहिल्या वहीचं दुसरं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "कागद नसला तरी भागीदारी असते. भांडवल दोघींचं, महिन्याची रक्कम दोघींना सारखी, आणि हे सगळं विमलाबाईंच्याच हातचं. वेगळं काही ठरलं नसेल तर भाग निम्मे. भांडवलावर व्याज ठरलं होतं?"

"न्हाई."

"भाडं?"

"न्हाई."

"मग दोन्ही मिळत नाहीत. आणि जेवणाची उचल," ते वाचून त्यांनी कागदावरून मान वर केली, "हे कुणी लिहिलं?"

"बी.ए. झालेल्यानं," आवडाबाई म्हणाली.

वकिलांनी नोटीस काढली. ती भालचंद्राच्या ऑफिसच्या पत्त्यावर जावी असं आवडाबाईने मुद्दाम सांगितलं. वकील म्हणाले, घरचा पत्ता चालेल. ती म्हणाली, "न्हाई. जिथं त्याचं मोठेपन हाय तिथंच जाऊ द्या." त्यात सूड होता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

नोटिशीचं उत्तर आलं नाही. डिसेंबर गेला. खाणावळ तोवर बंद झाली होती. आवडाबाई रेल्वे क्वार्टर्समधल्या तीन घरी पोळ्या लाटत होती आणि संध्याकाळी मला भेटली की एकच प्रश्न विचारायची, "आलं का?" जानेवारीत संक्रांतीच्या आधी एका सकाळी विमलाबाई एकट्याच तिच्या खोलीवर आल्या. मीही तिथे होतो, कारण दावा लावायचा की थांबायचं हे आम्ही बोलत होतो. विमलाबाई वाळल्या होत्या. पिशवीतून त्यांनी रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या आणि आवडाबाईसमोर ठेवल्या.

"आठशे ब्याऐंशी. वर आठ आणे. पोस्टातून काढून आणलेत. भालूला सांगितलेलं नाही."

आवडाबाईने नोटा मोजल्या. तिला शंभराच्या पुढे मोजता येत नसे, म्हणून ती शंभरा-शंभराचे ढीग लावत होती. विमलाबाई उभ्याच होत्या. बस कुणी म्हटलं नाही.

"आवडा," त्या म्हणाल्या, "त्याचं लग्न मोडलं असतं गं. मी काय करणार होते?"

"बोलनार व्हतीस," आवडाबाई म्हणाली. तिने मान वर केली नाही. "एवढंच म्हननार व्हतीस, की भालू, हे खोटं हाय. मंग म्या निम्मंसुदिक सोडलं असतं. पाचशे वीस तर म्या कवाच सोडलं व्हतं. आता एक पैसा सोडनार न्हाई." तिने शेवटचा ढीग लावला. "बरोबर हाय. भाऊ, पावती लिव."

मी पावती लिहिली. आवडाबाईने अंगठा उठवला. विमलाबाईंनी ती घडी करून पिशवीत ठेवली आणि दारात क्षणभर थांबल्या. नंदा तेव्हा बारा वर्षांची होती, ती कोपऱ्यात अभ्यास करत होती. विमलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. नंदाने आईकडे बघितलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. विमलाबाई गेल्या.

मी म्हटलं, "बाई, त्या स्वतःहून आल्या. मुलाला चोरून आल्या."

"चोरून आली, त्याचाच राग हाय," ती म्हणाली. "माझं माझ्या हक्काचं. ते चोरून का द्यायचं?"

त्या पैशांतून तिने डोंबिवलीत स्टेशनजवळ एक गाळा घेतला. पागडी, भांडी, रंग असं करून चारशे गेले. ठाकुर्लीचे निम्मे मेंबर तिकडे गेले, मीही गेलो. डोंबिवलीत तेव्हा नव्या चाळी उभ्या राहत होत्या, एकटे कारकून पुष्कळ, त्यामुळे सहा महिन्यांत तिला दोन बायका कामाला ठेवाव्या लागल्या. वह्या नंदा लिहायची. रोज रात्रीच्या पंगतीआधी आवडाबाई त्या वाचून घ्यायची, आणि वाचताना नंदा अडखळली तर खेकसायची. कामाच्या बायकांशीही तोडून बोलायची. पूर्वीची आवडाबाई अशी नव्हती. पैसे पूर्ण मिळाले, धंदा चांगला चालला, पण तिचा राग काही उतरला नाही. तिच्याकडे जेवणारे नवे मेंबर तिला घाबरायचे. त्यांना वाटायचं, हिचा स्वभावच असा.

१९५९ च्या श्रावणात दादरहून पत्र आलं. विमलाबाईंचं. मी ते वाचून दाखवलं. सून चांगली आहे, नातू झाला, गुडघे दुखतात. स्वयंपाकघरात मला जाऊ देत नाहीत. नंदा कितवीत आहे? एखाद्या रविवारी तुझ्याकडे येऊ का?

आवडाबाई कांदे चिरत होती. "ठेव तिथं," म्हणाली.

आठवडाभर पत्र पोळपाटाखाली होतं. मी एकदा विचारलं, जबाब द्यायचा का. ती म्हणाली, "तू लई दयाळू. तुझ्या नावावर उचल लावली व्हती का कुनी?"

मग एका दुपारी तिने नंदाला कार्ड आणायला पाठवलं आणि स्वतः समोर बसून लिहवून घेतलं. नंदाने ते मला दाखवलं. तीन ओळी होत्या. नंदा आठवीत आहे, पहिल्या पाचात आली. आमचं बरं चाललं आहे. येऊ नये.

दादरचा पत्ता इंग्रजीत लिहायचा होता, तो नंदाला जमेना. तो मी लिहिला आणि ड्युटीवर जाताना कार्ड पेटीत टाकलं.